दान पडण्याआधी बोलावे

प्रश्न : आम्ही पाच जण गेल्या जूनपासून एक रविवार सोडून एक रविवार माझ्या कर्वेनगरच्या घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत, एकेक पात्र वठवत गोष्ट रचण्याचा खेळ खेळतो. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा सूत्रधार, मी आहे. प्रत्येक सेशनसाठी मी पाच-सहा तास तयारी करतो, पण मंडळी नेमकी त्या तयारीला बगल देऊन भलतीकडेच जातात. एक मित्र कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका करायचा. तो बोलायला लागला की इतरांना जागाच उरत नाही. दुसरा सतत मोबाइलमध्ये असतो आणि पाळी आली की ‘काय झालं?’ म्हणून विचारतो. एक मैत्रीण पिंपरीहून येते आणि जवळजवळ बोलतच नाही. चौथ्या मित्राच्या पात्राने तिच्या पात्राच्या झोळीतून जादूची अंगठी चोरली. हटकले तर ‘माझं पात्र असंच वागणार’ म्हणाला. मी चिडलो आणि पुढच्या सेशनला त्याच्या पात्रावर मारेकरी घातले. फासे मी टिपणे झाकायच्या पडद्याआड टाकत होतो आणि दान बदलून सांगत होतो, हे त्याच्या लक्षात आले. तो अर्ध्यातून उठून गेला. त्याला ग्रुपमधून काढावे का? की मीच डीएम व्हायच्या लायकीचा नाही?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देतो, कारण पुढच्या सेशनपर्यंत तुम्हाला तीच लागणार आहेत. मित्राला आत्ता काढू नका, आणि लायकीचा प्रश्न मनातून काढून टाका. जो माणूस इतके महिने दर पंधरवड्याला पाच-सहा तास बसून चार मित्रांसाठी एक जग रचतो, त्याला या खेळाची कळकळ आहे यात शंका नाही. त्याच्या हातून झाल्या आहेत त्या सवयीच्या चुका, आणि सवयी बदलता येतात.

पत्रात तुम्ही एकामागून एक तक्रारी मांडल्या आहेत, पण त्यांपैकी एकीबद्दलही तुम्ही कोणाशी, खेळ बाजूला ठेवून, मित्र म्हणून बोललात असे मला कुठे वाचायला मिळाले नाही. अंगठीची चोरी खटकली, तेव्हा जे म्हणायचे होते ते तुम्ही मारेकऱ्यांकरवी म्हणालात. ही शिक्षा कशाबद्दल आहे हे त्या मित्राला कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्याला एवढेच दिसले असणार की ज्याच्या हातात ते सगळे जग आहे, तो माणूस आपल्यावर डूख धरून बसला आहे. खेळाबाहेरचा राग खेळातल्या घटनांमधून काढायचा नाही, ही डीएमने स्वतःला लावून घ्यायची पहिली सवय आहे, आणि माझ्या अनुभवात बाकीच्या बहुतेक चांगल्या सवयी तिच्यातूनच निघतात.

हे मी अधिकाराने सांगतो आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. आमच्या टेबलावरचा एक खेळाडू दर वेळी तासभर उशिरा यायचा. एका सेशनला मी त्याचे पात्र तुरुंगात टाकले आणि पुढची दोन सेशन बाहेर काढले नाही. तो मुकाट्याने बसून राहिला, तिसऱ्या वेळी चारच्या ठोक्याला आला, आणि त्यानंतर आलाच नाही. पुष्कळ दिवसांनी कळले की त्याची हिंजवडीतली शिफ्ट साडेतीनला संपायची आणि शेवटच्या दिवशी तो अर्धी सुट्टी टाकून आला होता. आम्ही चारऐवजी पाचला सुरुवात केली असती तर एवढ्याने सगळे मिटले असते, आणि ते कळायला मला फक्त एक प्रश्न विचारावा लागला असता. तो मी विचारला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

तेव्हा या मित्राला तुम्ही फोन करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहू नका, कारण चार जण वाचत असताना कोणीही माणूस स्वतःची बाजू लढवण्यापलीकडे काही करत नाही. जवळच्या एखाद्या अमृततुल्यात दोघेच बसा आणि आधी तुमच्या वाट्याचे बोला : ‘मारेकरी आले ते कथेची गरज म्हणून नाही, मी चिडलो होतो म्हणून आले. आणि दानही मी बदलून सांगितलं. दोन्ही चुकलं.’ एवढे बोलून थांबा. लगेच ‘पण तूही’ असे जोडलेत तर माफी तिथेच विरून जाते. तो काय म्हणतो ते पूर्ण ऐकून घ्या, आणि मग अंगठीचा विषय काढा. इतके करूनही त्याला सोबत्यांच्या जिवावरच खेळायचे असेल, तर ‘आपली मैत्री आहे तशी राहू दे, या टेबलावर मात्र आपण एकत्र खेळायला नको’ असे स्पष्ट सांगण्याचा अधिकार तुम्हाला आहे. पण तो अधिकार या संभाषणानंतरचा आहे.

‘माझं पात्र असंच वागणार’ हे वाक्य या खेळात जगभर ऐकू येते, आणि ते अर्धेच खरे असते. पात्राचा स्वभाव आकाशातून पडत नाही. तो खेळाडूने स्वतः लिहिलेला असतो आणि हवा तेव्हा त्यालाच बदलता येतो. चोराचे पात्र घेणारा खेळाडू असे नक्कीच ठरवू शकतो की हा माणूस सगळ्या दुनियेला लुबाडेल, पण ज्या चौघांनी त्याला एकदा दरीतून ओढून वर काढले त्यांच्या झोळीला हात लावणार नाही, आणि असे पात्र मला तरी अधिक रंगतदार वाटते. आपले पात्र या सोबत्यांबरोबर का राहते आहे, याचे एक तरी कारण प्रत्येक खेळाडूने स्वतः शोधून ठेवावे, ही खेळाडूंच्या सवयींतली सर्वांत मोलाची सवय आहे. सूत्रधाराच्या बाजूनेही इथे एक नियम पाळावा. एका पात्राने दुसऱ्याच्या विरोधात काही करायचे ठरवले, तर फाशाला हात लावण्याआधी समोरच्या खेळाडूला विचारावे : ‘हे तुला चालेल का?’ तुमची मैत्रीण ‘नको’ म्हणाली तर चोरी झालीच नाही. ती ‘चालेल’ म्हणाली तर चोरी झाली, आणि आता तीही त्या गमतीत सामील आहे.

हे असे प्रश्न खरे तर मोहीम, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट, सुरू होण्याआधीच निकालात काढायचे असतात, आणि त्यासाठीच्या बैठकीला खेळणारे ‘सेशन झीरो’ म्हणतात. तुमची ती राहून गेली असावी, पण मध्येच घ्यायला कोणतीही अडचण नाही. त्या दिवशी फासे काढू नका. आपल्याला लढाया जास्त हव्यात की गूढ उकलायला हवे, पात्र मेले तर चालेल का, एकमेकांशी दगाफटका चालेल का, कोणते विषय कथेत अजिबात नकोत आणि कोणते आले तरी तपशिलात न जाता पडद्याआड उरकावेत, हे सगळे मोकळेपणाने बोलून घ्या. शेवटची विभागणी रॉन एडवर्ड्स या खेळरचनाकाराने मांडलेली आहे. जॉन स्टाव्रोपुलोस यांनी सुचवलेले ‘एक्स-कार्ड’ही टेबलाच्या मध्यभागी ठेवावे. फुलीचे चिन्ह काढलेला साधा कागद असतो तो. कोणी त्याला बोट लावले की चालू प्रसंग कारण न विचारता बदलायचा किंवा सोडून द्यायचा. इतक्या ओळखीच्या माणसांत याची काय गरज, असे तुम्हाला वाटेल. ओळखीच्या माणसांतच गरज जास्त असते, कारण अनोळखी माणसाला आपण ‘नको’ म्हणतो आणि मित्रासमोर भिडेखातर गप्प बसतो.

आता फाशांबद्दल. दान बदलून सांगावे की नाही, यावर जुन्याजाणत्या सूत्रधारांतही दोन तट आहेत, आणि खेळाडूंचे पात्र उगाच मरू नये म्हणून बदलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे. तरी माझे मत विरुद्ध आहे, आणि तुमच्या टेबलावर तर विश्वासाला एकदा तडा गेलेला असल्याने इथून पुढे प्रत्येक दान सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडावे, असा माझा आग्रह आहे. पडद्याआडून नकाशा आणि टिपणे झाकावीत. फासा झाकू नये. बदलण्याची पाळी येते ती बहुतेक वेळा नको तिथे फासा टाकायला सांगितल्यामुळे येते. जे दान पडेल ते स्वीकारायची आपली तयारी नसेल, तर फासा टाकायलाच सांगू नये आणि काय घडले ते सरळ सांगावे.

इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत मध्यम अवघड कामाची पातळी १५ धरलेली आहे. पात्राला त्या कामातल्या कौशल्यामुळे दानात ५ ची भर मिळत असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा त्याहून अधिक पडावे लागते, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. समजा, चार पात्रांना पहारेकऱ्यांच्या नकळत चौक ओलांडायचा आहे, चौघांची तयारी सारखीच आहे, आणि एकजण चुकला तरी पहारा जागा होणार असे तुम्ही ठरवले. चारही दाने साधण्याची शक्यता फक्त ९ टक्क्यांच्या आसपास उरते. सूत्रधाराला वाटते आपण निम्म्याहून जास्त संधी दिली, खेळाडूंना वाटते हा आपल्याला पकडायलाच बसला आहे, आणि मग गोष्ट पुढे सरकावी म्हणून पडद्याआड दान बदलावे लागते. त्याच नियमांत अशा वेळी गटाची एकत्र परीक्षा घेण्याची सोय आहे : निम्म्या जणांना जमले तर सगळ्या गटाला जमले. तसे केल्यास तीच शक्यता सुमारे ७६ टक्के होते. एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा फासा टाकायला लावण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी. एकदा दान पडले की ते त्या कामापुरते कायम.

तुमची तयारी वाया जाते, ही तक्रार मला सर्वांत जवळची वाटली, आणि तिच्यासाठी या खेळाच्या जन्माची हकिकत सांगण्यासारखी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉल भागात डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या एका काल्पनिक जर्मन गावात प्रत्येक खेळाडूला त्याने फौजेऐवजी एकेका माणसाची भूमिका आणि स्वतंत्र उद्दिष्ट दिले होते. खेळाडूंनी ठरलेला डाव बाजूला ठेवला आणि जो तो आपापले मनसुबे लढवत भलतीकडेच गेला. आपला प्रयोग पार फसला, असे वेस्लीला वाटले. खेळाडू मात्र असाच खेळ पुन्हा मांड म्हणून त्याच्या मागे लागले. त्या मंडळींतल्या डेव्ह आर्नेसनने पुढे त्याच धर्तीवर ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक जगातली मोहीम चालवली, आणि १९७४ मध्ये त्याने व गॅरी गायगॅक्सने मिळून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. खेळाडू ठरलेल्या वाटेवरून उतरले म्हणून हा खेळ जन्माला आला आहे. तुमच्या मंडळींचे भलतीकडे जाणे हे तुमच्या जगात त्यांना हिंडावेसे वाटते याचे लक्षण आहे.

म्हणून तयारी कमी करू नका, वेगळी करा. ‘आधी ते वाड्यात जातील, मग विहिरीत उतरतील, मग तळघर सापडेल’ अशी घटनांची साखळी लिहिलीत तर पहिली कडी तुटताच सगळे हातचे जाते. त्याऐवजी माणसे लिहा : कोणाला काय हवे आहे, त्यासाठी तो काय करतो आहे, आणि कोणी अडवले नाही तर येत्या आठवड्यात काय घडेल. आपल्याकडच्या वगात कथेचे सूत्र ठरलेले असे आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी सुचत. तसेच हे आहे. गूढ असेल तर जस्टिन अलेक्झांडर यांनी सुचवलेला तीन सुगाव्यांचा नियम पाळा, म्हणजे जी गोष्ट खेळाडूंना कळलीच पाहिजे तिच्याकडे नेणारे निदान तीन धागे ठेवा. माझ्या एका मोहिमेत किल्लेदाराचा खून गडावरच्या कारकुनाने केला होता. जमाखर्चाच्या वहीतले फाडलेले पान, कारकुनाला रात्री घोड्यावर खोगीर चढवताना पाहणारा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर, आणि काळ्या मातीच्या गडावर कारकुनाच्या जोड्यांना लागलेला तांबडा चिखल, असे तीन धागे मी ठेवले होते. आमची मंडळी या तिन्हींकडे न बघता पायथ्याच्या आठवडी बाजारात गेली. मी मोतद्दाराला बाजारात पाठवले. तो तिथे घोड्याचे नाल घ्यायला आला होता. खेळाडूंना वाटले, धागा आपण शोधला, आणि ते खरेच होते, कारण त्याच्याशी बोलावे असे त्यांना आपणहून सुचले.

तुमचा नटमित्र आणि पिंपरीची मैत्रीण, या दोघांचा प्रश्न मला एकच वाटतो. नट असलेल्या माणसाला गप्प बस म्हणू नका. त्याला त्याच्याच विद्येची आठवण द्या. समोरच्याचे वाक्य चालू असताना ऐकणे आणि त्याला प्रतिसाद देणे हे अभिनयाचे निम्मे काम आहे, हे तालमीत त्याने शेकडो वेळा केलेले असणार. त्याला बाजूला घेऊन विनंती करा की दर सेशनला त्याच्या पात्राने निदान दोनदा दुसऱ्या पात्राला काहीतरी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. अशी माणसे बहुधा ही जबाबदारी मनापासून उचलतात, कारण प्रसंग रंगावा अशीच त्यांची इच्छा असते.

मैत्रिणीच्या बाबतीत प्रश्न विचारण्याची तऱ्हा बदलून पाहा. आमच्याकडे एक मुलगी तीन सेशन अशीच गप्प होती. मी दर वेळी ‘तू काय करतेस?’ विचारायचो, ती कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदाच्या, कोपऱ्याची घडी घालत ‘काही नाही’ म्हणायची, आणि चटकन दुसराच कोणीतरी बोलायचा. चौथ्या वेळी मी म्हणालो, ‘तू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आहेस. दाराच्या फटीतून उजेड येतो आहे आणि आत कोणीतरी नाणी मोजतंय. कंदील तुझ्या हातात आहे. विझवतेस की तसाच ठेवतेस?’ तिने घडी सोडली, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘विझवत नाही. ओढणीखाली धरते.’ टेबलावरचे सगळे तिच्याकडे बघायला लागले. मोकळ्या मैदानासारखा प्रश्न बुजऱ्या माणसाला गांगरवतो. हातात एक वस्तू, समोर एक दृश्य आणि निवडायला दोन वाटा दिल्या की तो तिसरी वाट स्वतः काढतो. उत्तर येईपर्यंतची शांतता मात्र सोसावी लागते, आणि सूत्रधाराला ती फार लांब वाटते. मनात दहा आकडे मोजा.

मोबाइलवाल्या मित्राबद्दल थोडेच सांगतो. तो कंटाळतो ते बहुधा त्याची पाळी उशिरा येते म्हणून. लढाईत ‘आता हा, त्याच्यानंतर तू’ असे एक पाळी आधीच सांगत जा, आणि दर तासाने दहा मिनिटे चहाची सुट्टी ठेवा. फोन तेव्हा बघावा. सेशनच्या सुरुवातीला मागच्या वेळी काय घडले ते सांगायचे काम त्याच्याकडे द्या, म्हणजे टिपणे घेणे आलेच. आपल्या पात्राला काय काय करता येते ते नियम प्रत्येकाने स्वतः वाचून यावे, हेही सगळ्यांना सांगायला हरकत नाही. २०२३ पासून नियमांचा मूळ गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत उपलब्ध आहे, त्यामुळे महागड्या पुस्तकांची सबब उरलेली नाही. वेळेचेही तसेच. जी मैत्रीण पिंपरीहून मेट्रोने निघून सिव्हिल कोर्टला गाडी बदलते आणि वनाझहून रिक्षाने तुमच्याकडे पोहोचते, ती वेळेवर येत असेल आणि दोन गल्ल्यांपलीकडचा मित्र पाऊण तास उशिरा येत असेल, तर तिच्या गप्प राहण्यामागे हेही एक कारण असू शकेल. ठरलेल्या वेळी चौघांपैकी तिघे आले की खेळ सुरू, असा नियम करा आणि पाळा. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र सेशन ठरवूच नका. रस्ते बंद असतात आणि मने मंडपात असतात.

या रविवारी अमृततुल्यातले बोलणे उरका, आणि त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्यांना फाशांशिवाय बोलवा. मारेकरी आलेच नव्हते असे समजायचे की त्या घटनेला आता कथेत काही वेगळा अर्थ द्यायचा, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. तो निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका. आणि बैठकीतला पहिला प्रश्न पिंपरीच्या मैत्रिणीला विचारा. अंगठी तिच्या पात्राची होती, आणि तुमच्या पत्रावरून तरी ती गेल्याचे तिला काय वाटले हे तुमच्यापैकी कोणीही तिला विचारलेले दिसत नाही. ‘तुझ्या अंगठीचं पुढे काय व्हावं?’ एवढेच विचारा, आणि ती बोलेपर्यंत मध्ये कोणी बोलायचे नाही, हे नटमित्राला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.